दलदलीतलं लाल खोड

हजारो वर्षं जे लाकूड चिखलात टिकलं, ते तुमच्या आवारात एक उन्हाळा टिकलं नाही. हे तुम्ही केलंत. पावसानं नाही, किडीनं नाही, नशिबानंही नाही. तुम्ही. तुमचं नाव घ्यायची भीती वाटते असं समजू नका. तुमच्या दारावरची पाटी इतक्यांदा बदलली आहे, की आज लिहिलेलं नाव उद्या खोटं ठरायचं. कधी तुम्ही सरकारचं जमिनीचं खातं असता, कधी वारशाचं, कधी निसर्गाचं. माणसं तीच आणि गाड्याही त्याच पांढऱ्या. क्लूनाडारा गावातल्या लोकांनी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती, तीही साध्या तोंडानं. तुम्ही ऐकलं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतंय.

त्या साली वसंत कोरडा गेला. एप्रिलातच दलदलीचा वरचा थर बुटाखाली करकरायला लागला. मलाकी कॉनरॉयनं हवा बघितली, आपली दुखरी पाठ चाचपून बघितली, आणि टर्फ कापायला नेहमीपेक्षा लवकर उतरला. टर्फ म्हणजे दलदलीचीच काळी माती. ती विटांसारखी कापायची, उन्हावाऱ्यात वाळवायची आणि वर्षभर चुलीत जाळायची. दलदलीच्या त्या कड्यावर, म्हणजे कापून कापून उभ्या झालेल्या काठावर, हातानं कापायचा हक्क सात घरांना होता, आजे-पणजांपासूनचा. तो हक्क आता संपणार होता. हिवाळ्याआधी सगळ्या घरांनी सह्या करून तो सोडून द्यायचा, असं तुम्ही कळवलं होतं. दलदल जपायची म्हणून. जपा. दलदल खंगत चालली आहे हे तुमच्या आधी कापणाऱ्यांनाच दिसलं होतं. त्यावरून कोणी भांडलं नाही. भांडण पुढं झालं, ते वेगळ्याच गोष्टीवरून.

मलाकी खाली खाचेत उभा राहून पंखाचं, म्हणजे बाजूला आडवं पातं असलेलं, फावडं दाबायचा, ओली वीट उचलून वर भिरकवायचा. वर त्याची बायको ओनोरा ती दोन्ही हातांत झेलून मागं पसरत जायची. ओली वीट अंगावर आपटते तेव्हा छातीपर्यंत धक्का जातो. दुपारपर्यंत दोघांच्या बाह्यांतून काळं पाणी कोपराकडं उतरायला लागलं होतं. मलाकीचं फावडं कशावर तरी थडकलं. दगडाला लागलं की ते खणकन वाजतं. इथं ते रुतून बसलं.

"ओनोरा," तो म्हणाला, "तुझं काहीतरी आहे इथं."

"ओक?"

"ओक असता तर मी तोंड उघडलं नसतं. बाजूनं कापून गेलो असतो. घरात चालायला जागा ठेवली नाहीस तू लाकडांनी."

ती घसरतच खाली आली, गुडघ्यांवर बसली. अंगठ्याच्या नखानं चिखल खरवडला, मग खिशातल्या चाकूनं एक पापुद्रा उचलला. आतून लाल निघालं. घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं. तिनं ते नाकाला लावलं, पुन्हा लावलं.

"आता रडू नकोस बाई, खाली बसायला कोरडी जागा नाही," मलाकी म्हणाला.

"यूचं खोड आहे हे, मलाकी."

"कबरस्तानात लावतात तो?"

"तोच. हा उभा होता तेव्हा इथं कबरस्तान नव्हतं. चर्च नव्हतं. कॉनरॉयसुद्धा नव्हते."

"म्हणजे शांतता होती."

दलदलीत काळा ओक बऱ्याच जणांना सापडतो. पर्यटकांच्या दुकानांत त्याच्या टाचण्या आणि क्रॉस मिळतात. पण यू, तोही एवढ्या जाडीचा आणि आतून धड, तो त्या कड्यावर कोणीच पाहिला नव्हता. शेजारच्या फर्गलनं ट्रॅक्टर आणला, साखळी लावली. खोड चिखलातून सुटताना जो आवाज झाला, तो गाय विताना होतो तसा होता, असं फर्गल नंतर दारूच्या गुत्त्यात सगळ्यांना सांगत होता. खोड वर आल्याबरोबर ओनोरानं अंगातला कोट काढून त्यावर टाकला, मग मलाकीचा ओढून घेतला.

"आता फर्गलची पँट मागशील," मलाकी म्हणाला.

"लागली तर मागेन. ऊन लागता कामा नये याला. पहिल्या दिवशी तर मुळीच नाही."

घरापर्यंत ती ट्रॉलीत खोडाशेजारी बसून आली. मांडीशी बादली, बादलीत दलदलीचं पाणी, आणि सगळ्या वाटेवर ओंजळीनं शिंपडणं.

दारात सासू उभी होती. डीलिया कॉनरॉय. ताठ बाई, केस अजून स्वतः वेणीत घालणारी. टर्फचा हक्क तिच्या नावावर होता, घरही तिच्या नावावर होतं, आणि दोन्हींची आठवण ती अधूनमधून करून द्यायची.

"मलाकी नऊ महिन्यांनी बाहेर आला तेव्हा मी त्यालासुद्धा एवढं गुंडाळलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणून तो असा वाकडा झालाय, डीलिया," ओनोरा म्हणाली. "तुम्ही दार धरा."

ओनोरा समुद्राकाठच्या शहरातली. खुर्च्यांच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, खुर्च्यांचे पाय कातायची. कारखाना बुडाला तेव्हा तिनं आपला लेथ विकत उचलला आणि त्या लेथसकट या घरात लग्न करून आली. डीलियानं तेव्हा विचारलं होतं, सुनेनं भांडी आणली की यंत्र? पहिले काही महिने ती गोठ्याच्या एका कोपऱ्यात काहीबाही कातत राहिली, आणि मग पेनं करायला लागली. पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाचं पेन. कुंपणातल्या फ्यूशियाच्या झुडपाचं पेन. बंद पडलेल्या नाचघराच्या फळ्यांचं पेन, ज्याच्या पोटात कुणाच्या तरी टाचेचा खिळा चमकत राहिला होता. ज्या लाकडाला बाकीचे चुलीत घालायचे, ते ती हातात घेऊन फिरवून बघायची. आणि बाई नम्र वगैरे नव्हती. जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेताना परीक्षक म्हणाला, नशीब जोरावर आहे तुमचं. ही म्हणाली, "नशीब नाही. मी चांगली आहे. बाकीच्यांची बघितलीत ना?" लोकांना हे आवडलं नाही, आणि ते लोक तिच्याकडूनच पेनं घेत राहिले.

गोठ्यात गुरांना पाणी पाजायचं जुनं पत्र्याचं कुंड होतं. खोड त्यात निजवलं, वर ओली पोती, पोत्यांवर टर्फचा ओला भुगा. दलदलीतून काढलेलं लाकूड वाळवायचं म्हणजे त्याला कळू द्यायचं नाही, की आपण बाहेर आलोय. दर महिन्याला भुग्याचा एक थर कमी करायचा. मग पोतं एक कमी. घाई केली की वरचं लाकूड आवळतं, आतलं ओलं तसंच राहतं, आणि मग लाकूड स्वतःलाच फाडतं.

"किती दिवस हा लाड?" डीलियानं विचारलं.

"तीन हिवाळे."

"आणि एवढ्या मोठ्या खोडाचं करणार काय? तर बोटाएवढी काठी."

"सात काठ्या. कड्यावरच्या सात घरांना एकेक. कापणं बंद होणार म्हणता ना सगळे, तर कड्यातलं शेवटचं जे निघालं ते प्रत्येकाच्या घरात असू दे. नातवंडांनी विचारलं की दाखवायला."

 डीलियानं पोत्याचं एक टोक नीट केलं.

"तीन हिवाळे मी असेन कशावरून?"

"तुम्ही असणारच. मला टोमणे मारायला दुसरं कोण येणार आहे?"

मे संपता संपता विटा उभ्या करायचं काम निघालं. अर्धवट वाळलेल्या विटा चार-पाच मिळून एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा जातो. हे काम कमरेतून दुमडून करायचं असतं आणि त्या वेळी दलदलीतली चिलटं कानात, डोळ्यांत, केसांच्या मुळांत शिरतात. मलाकी आणि ओनोरा सकाळीच उकडलेली अंडी, ब्रेड आणि बाटलीत चहा घेऊन गेले होते. डीलिया घरी एकटी.

तुमची पांढरी गाडी तेव्हा आली. एक उंच साहेब, आणि निळ्या जाकिटातली एक तरुण मुलगी. कड्याच्या हद्दीच्या खुणा बघायला आले होते, खोडाबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला, तो कोणीही असो, चहाशिवाय परत पाठवत नाहीत. डीलियानं किटली चढवली, सोडा घातलेला ब्रेड कापला, वर लोणी, वर जाम. दुसरा कप, तिसरा कप. साहेब म्हणाला, तुमच्या भागात आता जुनं असं काही उरलं नाही.

आणि या बाईला, जिनं पंधरा वर्षांत सुनेचं तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं, तिला ते सहन झालं नाही.

"काही उरलं नाही?" ती म्हणाली. "या माझ्याबरोबर."

तिनं त्यांना गोठ्यात नेलं. स्वतःच्या हातांनी भुगा सारला, पोती उलगडली. "बघा. माझ्या सुनेनं ओळखला. तुमच्या कुठल्या शाळेत शिकलेली नाही ती. आख्ख्या परगण्यात असं लाकूड नाही, आणि ते कातणारा हातही नाही." साहेबानं मान डोलावली, आणि बाहेर जाऊन फोन लावला.

संध्याकाळी दोघं परत आले तेव्हा अंगणात मोठी गाडी उभी होती आणि खोड वर चढवलेलं होतं. उघडं. डीलिया दारात उभी होती, हातात अजून चहाची किटली.

"ही जमिनीखाली सापडलेली वस्तू आहे, मिसेस कॉनरॉय," साहेब म्हणाला. आवाज अगदी मऊ. "परवानगीशिवाय हलवता येत नाही. तपासणी होईल. झाली की कळवू."

"हलवलंत तर आता तुम्हीच," ओनोरा म्हणाली.

"नियम आहे."

"किती दिवस लागतील?"

"ते मला सांगता येणार नाही."

मलाकी एक पाऊल पुढं गेला. त्याची पाठ अजून सरळ झाली नव्हती, त्यामुळं तो साहेबाच्या छातीशी बोलतोय असं दिसत होतं. ओनोरानं त्याची बाही धरली. भांडून उपयोग नाही, हे तिला गाडीचा पट्टा आवळलेला बघूनच कळलं होतं. ती पोती घेऊन गाडीवर चढली. चिलटांनी चावून सुजलेल्या बोटांनी तिनं खोड पुन्हा गुंडाळलं, दोरी बांधली, वर बादली ओतली. खाली उतरून ती त्या निळ्या जाकिटातल्या मुलीजवळ गेली, कारण दोघांत तीच डोळ्याला डोळा भिडवत होती.

"ऐक पोरी. सावलीत ठेवायचं. पोती ओली राहिली पाहिजेत. दुसरं काही नको. एवढंच."

मुलीनं खिसे चाचपले, आणि मग आपल्या तळहाताच्या मागं बॉलपेननं लिहून घेतलं: ओलं, सावली. म्हणजे तुम्हाला सांगितलं नव्हतं असं म्हणू नका. तुमच्या माणसाच्या कातडीवर लिहिलेलं होतं.

गाडी गेली.  मग डीलिया म्हणाली, "मीच दाखवलं."

"माहीत आहे," ओनोरा म्हणाली.

"म्हटलं, त्यांना जरा कळू दे."

"कळलं त्यांना."

तिनं बूट काढले आणि आत गेली. ती डीलियावर ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी दिवस त्या घरात चहा देताना "घ्या" आणि चहा घेताना "दे", एवढंच बोलणं होतं. डीलियानं ब्रेड करणं सोडून दिलं. मलाकी दुकानातला पाव आणायचा आणि तिघंही तो कोरडाच खायची.

जुलैत ऊन पेटलं. म्हातारे लोक म्हणत होते असं ऊन आठवत नाही. रस्त्याचं डांबर टायरला चिकटायला लागलं, गायी ओढ्यात जाऊन उभ्या राहायच्या. टर्फ झकास वाळलं आणि त्याचा आनंद करायला घरात कोणाला सुचत नव्हतं. ओनोरा फोन करायची. फोनवरचा माणूस दुसऱ्या माणसाकडं द्यायचा, दुसरा म्हणायचा हे आमच्याकडं येत नाही. शेवटी मलाकी म्हणाला, "चल, बघून तरी येऊ."

तुमचं आवार शहराबाहेर. तारेचं उंच कुंपण, आत काँक्रीट, काँक्रीटवर रस्त्याचे खांब आणि मोडके फलक. आणि त्यात, मधोमध, सावलीचा टिपूस नाही अशा ठिकाणी, खोड. पोती काढलेली होती. काढून नीट घडी घालून शेजारी ठेवलेली होती. चौकोनी घडी, एकावर एक, दुकानात टॉवेल ठेवतात तशी. ओनोरा नंतर म्हणायची, फेकलेली असती तर एवढं लागलं नसतं.

फाटकावर राखणदार होता. बसका, घामानं थबथबलेला, माणूस वाईट नव्हता.

"आत सोडता येणार नाही बाई. साहेबांची सही लागते."

"मग साहेबांना बोलवा."

"ते सुटीवर आहेत."

"पोती कोणी काढली?"

"ती पोरगी होती ना, निळ्या जाकिटाची, ती रोज पाणी घालायची. बादलीनं. मग तक्रार आली, आवारात ओल होते, कोणी घसरून पडेल म्हणून. तिची बदली झाली. मग पोती काढायचा हुकूम आला."

"कोणाचा?"

"वरून."

"वर कोण आहे?"

राखणदारानं खरोखरच वर बघितलं. वर आभाळ होतं, आणि त्यात ऊन.

तेवढ्यात खोडातून आवाज आला. मोठा नाही. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. मग थोडं थांबून आणखी एक. राखणदार म्हणाला, "दिवसभर वाजतं ते. आधी मी दचकायचो." ओनोरानं तारेत बोटं अडकवली. पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिनं तारेतून पाणी भिरकावलं. ते निम्म्या वाटेत काँक्रीटवर पडलं, आणि बघता बघता वाळलं. मलाकीनं तिच्या हातातून रिकामी बाटली घेतली. बायकोचा असा चेहरा त्यानं पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायचा नव्हता. सगळ्या रस्त्यानं त्यानं गाडी हळू चालवली, जसं मागं काही ठेवलेलं आहे.

सप्टेंबरात फोन आला, तुमच्याकडचा पहिला. तपासणीची गरज नाही असं ठरलं आहे, वस्तू घेऊन जा, नाहीतर आवार साफ करताना तिचा चुरा होईल. "वस्तू" म्हणालात तुम्ही.

फर्गलच्या ट्रॉलीतून खोड परत आलं. या वेळी ओनोरा शेजारी बसली नाही, पुढं बसली. अंगणात उतरवलं तेव्हा फटींमधून हात आत जात होता. वरचा तांब्याचा रंग उडून राखाडी झाला होता. फर्गल टोपी काढून उभा राहिला, मयताला राहतात तसा, आणि मग काहीतरी बोलायलाच हवं म्हणून म्हणाला, "चुलीत तरी चांगलं जळेल." मलाकीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं टोपी परत घातली आणि ट्रॅक्टर सुरू केला.

खोड पुन्हा गोठ्यात गेलं, पण ओनोरानं त्याला हात लावला नाही. ती लेथवर दुसरी कामं करत राहिली, खोडाकडं पाठ करून. डीलिया मात्र रोज सकाळी गोठ्यात जाऊन खोडाजवळ उभी राहायची. एक दिवस तिनं आपली पिठाची चाळणी आणली. लग्नात आलेली चाळणी, जिला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही. कोपऱ्यातल्या वाळक्या टर्फच्या विटा तिनं मुसळीनं कुटल्या आणि तो काळा भुगा त्या चाळणीतून चाळायला बसली. तिची नखं, मनगटं, नाकाचं टोक काळं झालं.

ओनोरानं लेथ बंद केला. "काय चाललंय, डीलिया?"

"नाचघराच्या फळीत भोक होतं, ते तू पितळेच्या कणांनी भरलं होतंस. मी बघत होते."

"बघत होतात?"

"डोळे आहेत मला. याच्या भेगा याच्याच मातीनं भर. जिथून आलं तिथली माती." ती चाळणीकडं बघत बोलत होती. "नाही जमलं तर फर्गल म्हणतोय तसं करू. पण माझ्यामुळं ते नुसतंच जळालं असं नको."

ओनोरानं तिच्या हातातली चाळणी घेतली, भुगा चिमटीत घेऊन चोळला. "आणखी बारीक हवा," ती म्हणाली. "मैद्यासारखा." आणि थोड्या वेळानं, "चहा ठेवते. तुम्ही ब्रेड कराल का?"

मग काम सुरू झालं. खोड करवतीखाली घालायचं, भेगांच्या मधून जेवढं धड निघेल तेवढं काढायचं. यूचा भुसा विषारी, म्हणून तोंडाला पट्टी, आणि पट्टीच्या आत स्वतःचाच गरम श्वास. चौकोनी तुकडे कापायचे, दोन अर्ध्यांवर पेन्सिलीनं बाण काढायचा, म्हणजे टोपण लावल्यावर रेषा रेषेला मिळते. भेगांत काळा भुगा दाबून भरायचा, वर पातळ गोंद सोडायचा, वाळला की पुन्हा भरायचा. मग मधोमध भोक पाडून पितळी नळी बसवायची. पहिला तुकडा भोक पाडतानाच उलगडला. दुसरा लेथवर चढला आणि पटाशी टेकताच फुटून उडाला. त्यातली एक कपची ओनोराच्या गालात घुसली. मलाकीनं चिमट्यानं ती काढली.

"हे लाकूड तुझ्यावर रागावलंय," तो म्हणाला.

"माझ्यावर नाही रागावलेलं," ती म्हणाली, गालावर कापूस धरून. "नीट पकड, दिवा हलतोय."

तिनं पटाशीची धार बदलली, वेग बदलला. भेगेच्या दिशेला वाकून, केसाएवढं केसाएवढं काढत गेली. बाद तुकड्यांची पाटी भरली, दुसरी भरली. आणि मग एक दिवस, बाहेर पाऊस पडत असताना, तिरकी पटाशी लाकडावरून एका श्वासात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि खाली लांब, न तुटलेला कीस पडला. तिनं लेथ थांबवला, मेण लावलं, पुन्हा फिरवला. राखाडी कुठच्या कुठं गेलं. आतला तांबडा रंग तसाच होता, आणि त्यातून काळ्या रेषा धावत होत्या. आकाशवाणी झाल्यासारखी मलाकीनं हाक मारली, "मम्मी! इकडं ये!"

डीलिया पिठाच्या हातांनी आली. पेन तिनं पदरासारख्या एप्रनच्या टोकात धरलं, पिठाचे डाग पडू नयेत म्हणून.

"येशू, मरिया, जोसेफ," ती म्हणाली. "भेगा पडल्या नसत्या तर असं दिसलं नसतं."

"दिसतंय त्याहून चांगलं दिसलं असतं," ओनोरा म्हणाली. "तुम्ही त्यांना सूट देऊ नका. पण हे चांगलं आहे. हे मी आजवर केलेल्या सगळ्यांत चांगलं आहे."

आख्ख्या खोडातून सात निघाली. सातवं आखूड होतं, आणि त्याच्या पोटात एक भेग इतकी रुंद, की अर्धं पेन काळंच. ते डीलियानं उचललं. दुसरं घे म्हटलं तर ऐकेना.

सह्यांचा दिवस नोव्हेंबरात होता, चर्चच्या हॉलमध्ये. ओल्या कोटांचा वास, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं, टेबलावर कागद. टेबलामागं तोच उंच साहेब. सात घरची माणसं खुर्च्यांवर बसली होती. हक्क सोडायला कोणाचीच तक्रार नव्हती. ते सगळं कधीच बोलून झालं होतं.

"सगळ्यांत ज्येष्ठ कोण?" साहेब हसून म्हणाला. "मिसेस डीलिया कॉनरॉय. या. तुमच्या ब्रेडची चव अजून आठवते." आणि त्यानं आपलं प्लास्टिकचं पेन पुढं केलं.

"माझं आहे," डीलिया म्हणाली.

तिनं पर्स उघडली. जपमाळ पेनात गुंतली होती, ती सोडवायला वेळ लागला. मग ते आखूड, तांबडं-काळं पेन तिनं टेबलावर ठेवलं. मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. फर्गलनं कोटाच्या आतल्या खिशातून आपलं काढलं. त्याच्या मागच्या विधवेनं काढलं. एकेक करत सातही हातांत लाल पेनं दिसायला लागली. फर्गल पुटपुटला, "शाळा सोडल्यापासून हातात धरलं नव्हतं, आज बघा," आणि कोणी तरी त्याला गप्प केलं.

"सुंदर," साहेब म्हणाला. तो खरंच म्हणाला, मनापासून. "कसलं लाकूड आहे हे?"

"तुमचंच," डीलिया म्हणाली. "तुमच्या आवारात वाळलेलं."

साहेबाचं हसू गेलं नाही, पण कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

डीलियानं टोपण काढलं. निब कागदावर नेली. सगळा हॉल बघत होता. मग तिनं हात थांबवला, पेन उलटं फिरवलं, आणि मागचं टोक साहेबाकडं केलं.

"आधी तुम्ही लिहा. त्या खोडावरची ओली पोती काढायला कोणी सांगितलं, त्याचं नाव. इथं, माझ्या नावाच्या वर. मग मी सही करते. मग हे सगळे करतील."

"मिसेस कॉनरॉय, ही वेगळी बाब आहे. मला चौकशी करावी लागेल."

"करा."

"आत्ता तर शक्य नाही."

"मग आम्ही बसतो," ओनोरा मागून म्हणाली. ती उभी होती, गालावरची खूण दिव्यात दिसत होती, आणि ती ताठ होती, बक्षीस घ्यायला उभी राहायची तशी. "चहा आहे. ब्रेड आहे. डीलियानं भरपूर केलाय. तुम्हालाही मिळेल, न मागता."

मलाकीनं कप मांडायला घेतले. साहेबानं कागद गोळा केले, मोबाइल काढला, परत ठेवला. त्यानं ब्रेड घेतला नाही. त्या संध्याकाळी एकही सही झाली नाही. पुढच्या वेळीही झाली नाही, आणि तुम्ही त्याला अडवणूक म्हणता.

त्या दलदलीत त्या दिवसापासून कोणी फावडं घातलेलं नाही. घालणारही नाही. तुमचा कागद जे मागतो ते या घरांनी सहीविनाच दिलं आहे. राहिलं आहे फक्त तुमच्याकडून यायचं ते. कड्यावरच्या सात घरांत सात पेनं आहेत. खिडकीत ठेवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला हातात द्यायची, फिरवून बघ म्हणायची. सगळ्यांत शाई भरलेली आहे. डीलिया दर रविवारी चर्चला जाताना आपलं बरोबर घेते, न जाणो तुमच्यापैकी कोणी भेटलं तर.

एक नाव. दोन शब्द लागतात लिहायला.

पोती कोणी काढली?